दाराबाहेरचे बूट

अंताक्या, विद्यापीठाचं आवार
९ ऑक्टोबर

सेल्वा पोरी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहितो आहे. भूकंपानंतर टपाल कचेरीही आमच्यासारखीच कंटेनरमध्ये आहे, पण पत्रं पोचतात असं ऐकतो.

माझी तब्येत ठीक आहे. गोळी वेळेवर घेतो. तू बकरी ईदला आलीस तेव्हा कंटेनरचं दार नीट लागत नव्हतं, ते निदालनं दुरुस्त करून दिलं. तो आता माझ्या शेजारीच राहतो, मधे पत्र्याची भिंत. भौतिकशास्त्राचा माणूस असूनही बिजागरी त्याला जमली, याचं त्याला स्वतःलाच फार कौतुक वाटलं. पलीकडच्या बाजूला तुझी फेरदाने मावशी आहे, आपल्या जुन्या इमारतीतली. तिच्या दारात तेलाच्या डब्यांत लावलेलं तुळशीसारख्या वासाचं रेहान आहे. पुदिनाही लावला आहे.

आज वर्ग सुरू झाले. इतके महिने पडद्यावर शिकवलं, आता माणसांसमोर. रसायनशास्त्राची इमारत उभी आहे पण पाडायचं ठरलं आहे, म्हणून फुटबॉलच्या मैदानावर पत्र्याच्या खोल्या बांधल्या आहेत. एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत ऐकू जातं. मी पाण्याचा जडपणा शिकवत होतो, पलीकडे निदाल. माझा आवाज तुला माहीत आहे. तास संपल्यावर निदाल म्हणाला, "एदिप, तुझी पोरं माझ्या विनोदाला हसली. तू काय शिकवत होतास, शांतता?"

मुलं कमी आली. काही दुसऱ्या गावांच्या विद्यापीठांत गेली, काहींना इथं यायचं धाडस होत नाही, आणि काही नाहीत. हजेरी मी जुन्या यादीवरून घेत नाही. ज्यानं त्यानं आपलं नाव सांगायचं.

संध्याकाळी मी व्यायामशाळेत जातो. ग्रंथालयातली पुस्तकं पोत्यांत भरून तिथं आणली आहेत. मुलं ब्रशनं सिमेंटची धूळ झाडतात, मी पण झाडतो. पुष्कळ पुस्तकांच्या पाठीवर आईच्या हातचे आकडे आहेत. तिचा सात तुला आठवत असेल, मधे आडवी रेघ द्यायची.

तिचे बूट फळीवर आहेत. हे तुला कळावं म्हणून लिहितो, वादासाठी नाही.

तू म्हणालीस ते मी विसरलेलो नाही. "बाबा, माणूस गेलं की त्याचे बूट त्याच दिवशी दाराबाहेर ठेवतात. गरजू कुणीतरी घेऊन जातो. तुम्ही त्यांना पॉलिश करत बसलाय." मी म्हणालो, "गेलं असलं तर." एवढंच माझं बोलणं झालं होतं. सकाळी तू ते बाहेर ठेवलेस आणि मी आत आणले. तू चहा न घेता बसस्थानकावर गेलीस.

त्या रात्री मी पाण्याचे नमुने घेऊन अदानाला गेलो नसतो तर हा प्रश्नच आला नसता, पण ते असो. इमारतीचा सगळा ढिगारा उचलला तरी ती सापडली नाही. ओळख पटवायला तू रक्त दिलंस. माझं रक्त त्या कामाला चालत नाही, नवराबायकोचं नातं रक्तात दिसत नाही. ते अजून कुठेच जुळलेलं नाही. मी इतकंच म्हणतो की अजून जुळलेलं नाही.

ग्रंथालय पाडायच्या आधी आम्हाला हेल्मेट घालून थोडा वेळ आत सोडलं होतं. लोकांनी संगणक आणले, भिंतीवरच्या पदव्या आणल्या. मी तिच्या टेबलाखालचे बूट आणले. तू विचारलंस, "एवढंच?" तिथं माझं तेवढंच होतं.

इझमीरला थंडी पडली असेल. औषधाच्या दुकानात दिवसभर उभी राहतेस, जाड मोजे घाल.

बाबा


२८ नोव्हेंबर

सेल्वा पोरी,

उत्तर नाही. ठीक आहे, कामात असशील.

इथं पाऊस आहे. आवारात चिखल इतका की मुलं वर्गाच्या पायरीवर बूट घासत बसतात आणि निम्मा तास तिथंच जातो. एक मुलगी प्लास्टिकच्या सपाता घालून येते, समंदागची आहे, झाहिदे नावाची. मोजे ओले होतात म्हणून शेगडीजवळची जागा धरते. हुशार आहे. तिची बहीणही इथंच शिकायची.

चहाचा कंटेनर सुरू झाला आहे. चहावाला सगळ्यांना होजाम म्हणतो, जणू सगळेच मास्तर, मुलं त्याला होजाम म्हणतात, पाडकामाचे मजूर येतात तेही आपसात होजाम म्हणायला लागले. काल एका मजुरानं मला विचारलं, "होजाम, तुम्ही कुठल्या इमारतीवर आहात?" मी म्हणालो, "रसायनशास्त्र." तो म्हणाला, "ती आमच्याकडे पुढच्या महिन्यात आहे." मला हसू आलं. हे कुणाला तरी सांगावं असं वाटलं, म्हणून तुला लिहिलं.

फेरदाने मावशी दर शुक्रवारी काहीतरी पाठवते. परवा मसूर-बुलगुरचे गोळे होते. तिला वाटतं मी जेवत नाही. मी जेवतो. टेबलावर दोन ताटल्या मांडतो हे तिनं पाहिलं आणि काही बोलली नाही, पण निदालला बोलली. निदाल येऊन दुसऱ्या ताटलीवर बसला आणि जेवून गेला. म्हणाला, "रिकामी ठेवतोस म्हणजे माझ्यासाठीच ना?" तेव्हापासून तो आठवड्यातून एकदा येतो.

छत गळतं. फळीच्या बरोबर वर. माझ्या ध्यानात उशिरा आलं, आईच्या बुटांवर पांढरी बुरशी आली आहे. पुसली तरी पुन्हा येते. ऊन पडलं की बघतो.

बाबा


१५ जानेवारी

सेल्वा,

तुझा निरोप मिळाला. फोनच्या पडद्यावर तुझं नाव दिसलं तेव्हा मी वर्गात होतो. मुलांना म्हटलं, जरा थांबा. "बरं केलंत, बाबा. रमजान ईदला मी येते."

मी तो पुष्कळदा वाचला.

फेरदाने मावशीनं तुला कळवलं असणार. हो, बूट दाराबाहेर होते. मीच ठेवले होते. परत आलो तर माझ्या दारासमोर खुर्च्या मांडलेल्या, सगळ्या ओळीतली माणसं जमलेली. निदाल कोट घालून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं तर हळूच म्हणाला, "माझा नाही, मदतीच्या ढिगातला आहे. बाह्या बघू नकोस." त्या त्याच्या कोपरापर्यंतच येत होत्या.

फेरदाने मावशी चुलीवर, माणूस गेल्यावर करतात तो हलवा ढवळत होती. "बसा, एदिप भाऊ. आज तुम्ही काही करायचं नाही. फक्त दोनदा पळी फिरवा, तिचं नाव घेऊन." मी पळी फिरवली. एकेक जण पुढे येऊन म्हणत होता, मागे राहिलेल्यांना आयुष्य लाभो. कुलसचिवांच्या कचेरीतला तो उंच माणूस, चहावाला, ग्रंथालयातल्या तिच्या दोघी मैत्रिणी. मैत्रिणी सांगत होत्या, वेदिया येते आहे हे पुस्तकांच्या कपाटांमागून आम्हाला आधी ऐकू यायचं, डावा बूट वाजायचा ना तिचा. मुलं गप्पा मारत असली की त्या आवाजानं गप्प व्हायची. एक जण म्हणाली, "मी तिला म्हणायचे, अगं तेल लाव त्याला. तर म्हणायची, मग मला ओरडावं लागेल."

हे मला माहीत नव्हतं. घरी ती ते बूट घालत नसे.

माझा चहा संपला की कुणीतरी पेला भरत होतं. पुरे म्हणून पेल्यावर चमचा आडवा ठेवायचं मी विसरलो. कुणी थांबतही नव्हतं. शेवटी निदालनंच ठेवला.

खुर्च्या उचलल्या तेव्हा बूट जागेवर नव्हते. कुणी नेले ते कुणी पाहिलं नाही. पाहायचंही नसतं.

ईदला ये. छत दुरुस्त करून घेतो.

बाबा


१२ फेब्रुवारी

सेल्वा पोरी,

गेल्या आठवड्यात वर्ष झालं. नदीकाठी सगळं गाव जमलं होतं, मी पण गेलो. लोकांनी तीच हाक मारली, जी तेव्हा ढिगाऱ्यांवरून मारत होते: माझा आवाज कुणाला ऐकू येतो का? मग सगळे गप्प झाले. तेव्हाही असेच व्हायचे, यंत्रं बंद करून, उत्तर ऐकायला. या वेळी कुणी उत्तराची वाट बघत नव्हतं. मी बघत होतो.

म्हणून तुला एक गोष्ट सांगायला हवी. तू ईदचं तिकीट काढलं आहेस असं मावशी म्हणाली. त्याच्या आधी सांगायला हवी.

बूट मी वाळत घातले होते, सेल्वा. बुरशी आली होती, मी ते साबणानं धुतले, त्या दिवशी ऊन होतं, आतपर्यंत लागावं म्हणून टोकं रस्त्याकडे करून दाराबाहेर ठेवले आणि प्रयोगशाळेत गेलो. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. ज्या घरात बाई नाही त्या दारात बाईचे बूट दिसले की आपल्या लोकांना काय वाटेल, हे मला सुचलंच नाही. परत आलो तर हलवा होत आला होता. तिथं काय बोलणार? बारा माणसं काम सोडून आली होती. निदालनं कोट घातला होता.

आणि मग तुझा निरोप आला, आणि मी गप्प बसलो. तू इतक्या महिन्यांनी बोललीस. मागचं पत्र मी जपून लिहिलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, तू पुन्हा वाचून बघ. पण ते खरंही नाही.

तू ज्या बाबांना भेटायला निघाली आहेस त्यांनी अजून काहीच केलेलं नाही. तिकीट रद्द करायचं असेल तर आताच कर, पैसे परत मिळतील.

आणखी एक. परवा मी फळ्यावर लिहीत होतो. मागून चालत कुणीतरी आत आलं, आणि डावं पाऊल वाजलं. मी वळलो नाही. समीकरण अर्धं होतं. ते मी खूप वेळ अर्धंच ठेवलं असणार, कारण भिंतीपलीकडून निदाल ओरडला, "एदिप, जिवंत आहेस ना?" मुलं हसली. मग वळलो. झाहिदे होती, सपातांवाली. बाकाखाली तिचे पाय दिसत होते. तिनं नाड्या बदलल्या आहेत, एक काळी आणि एक करडी.

तास मी पुरा केला. काय शिकवलं ते सांगता येणार नाही.

निदालला सगळं सांगितलं. त्यानं हसावं असं मला वाटत होतं, तो हसला नाही. म्हणाला, "मागून घे. दुसरे नवे घेऊन दे तिला आणि हे मागून घे. तुला जमत नसेल तर मी मागतो." मी म्हटलं, बघू. आता रोज तासाला ती येण्याची वाट बघतो. ती शेगडीजवळ बसत नाही हल्ली. पाय कोरडे असतात.

तू सांग, मागू का?

बाबा


२१ मार्च

सेल्वा पोरी,

तुझं उत्तर आलं नाही. बरोबर आहे. मावशीला तू काही बोलली असशील तर तिनं मला सांगितलेलं नाही.

मावशी मात्र मला बोलली. निदालच्या पोटात काही राहत नाही. ती भाजीची पिशवी हातात घेऊनच आली. "वाळत घातले होते? वाळत? एदिप भाऊ, सगळ्या ओळीचं लोणी संपवलं मी त्या हलव्यात!" मग खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. तिचा नवरा सापडला होता, पहिल्याच आठवड्यात. मला म्हणाली, "माझे मी त्याच दिवशी बाहेर ठेवले. ढिगाऱ्यासमोर, रस्त्यावर, दारच नव्हतं तर काय करणार. कुणी नेईना. शेवटी एक कुत्रं एक बूट घेऊन गेलं. तुमच्याकडे निदान रीतीनं झालं म्हणून मी खूश होते हो."

मी चहा केला.

पण ती झाहिदेशीही बोलली असावी, किंवा मुलींच्या कंटेनरांत गोष्ट आपोआप पोचली असेल. परवा दुपारी दार वाजलं. उघडलं तर झाहिदे, जुन्या सपाता घालून, आणि पायरीवर आईचे बूट. स्वच्छ पुसलेले, टोकं दाराकडे.

ती म्हणाली, "होजाम, माझी चूक झाली. दारात दिसले, मी ज्यांचे होते त्यांच्यासाठी दुवा मागितली आणि घेतले. मला माहीत नव्हतं की यांचं माणूस अजून..." आणि थांबली. पुढचा शब्द तिला सापडेना. मलाही वर्षभर सापडला नव्हता, तिला कसा सापडणार.

मी बुटांकडे बघत होतो. सेल्वा, ते बदलले आहेत. फळीवर ठेवले होते तसे राहिलेले नाहीत. चवड्याजवळ घडी पडली आहे, नवी, दुसऱ्याच ठिकाणी. उजव्याच्या टाचेला मैदानातली लाल माती आहे. फक्त वाकून उचलायचे होते, आणि फळी कोरडी होती, छत मी नीट करून घेतलं आहे.

ती पोर सगळ्या पावसाळ्यात ओल्या मोज्यांनी रसायनशास्त्र शिकली, आणि कोरडे पाय मिळाले ते परत द्यायला आली. आणि ते बूट घेताना तिनं तुझ्या आईसाठी दुवा मागितली होती. एवढ्या दिवसांत आईसाठी मी काय मागितलं? तिच्यासाठी काहीच नाही. ती परत मिळावी एवढंच, म्हणजे माझ्यासाठीच.

मी म्हणालो, "चूक झालेली नाही. यांचं माणूस गेलं."

माझा आवाज लहान आहे, पण पत्र्याला सगळं ऐकू जातं. निदालच्या खोलीत रेडिओ चालू होता, तो बंद झाला.

झाहिदे खाली बघत होती. आमच्याकडे जे म्हणायचं असतं ते तिनं म्हटलं, मागे राहिलेल्यांना आयुष्य लाभो. या वेळी मी त्याला उत्तर दिलं. जानेवारीत इतके जण तेच म्हणाले होते, तेव्हा मी कुणालाच उत्तर दिलं नव्हतं.

मग विचारलं, "चावतात का कुठं?"

"नाही होजाम. जरा मोठे होतात. पुढे कापूस घातलाय."

"डावा वाजतो."

ती ओशाळली. "हो ना. उशीर झाला की सगळ्या वर्गाला कळतं. मुली म्हणतात तेल लाव. आज लावते."

"तेल लावू नकोस," मी म्हणालो.

तिनं पायरीवर बसून बूट घातले. सपाता तिथंच राहिल्या, त्या मी कचऱ्यात टाकल्या. ती वर्गांच्या ओळीकडे गेली. मी दारात उभा होतो. वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी काही वेळ ऐकू येत होतं, मग नाही.

निदाल बाहेर आला. पुष्कळ वेळ माझ्या शेजारी उभा राहिला आणि एकही विनोद केला नाही. शेवटी म्हणाला, "तो कोट अजून आहे माझ्याकडे. घालू?" मी म्हटलं, "राहू दे."

जेवताना एकच ताटली मांडली. निदाल आला तेव्हा त्याची त्यानं घेतली.

तू रक्ताचा नमुना दिला आहेस, तो त्यांच्याकडे राहू दे. कधी जुळला तर आपण दोघं जाऊ. पण त्यासाठी मी आता दारात उभा राहणार नाही.

हे पत्र तुला बोलावण्यासाठी लिहिलेलं नाही, असं लिहिणार होतो. ते खरं नाही. तिकीट ठेवलं असशील तर ये. रद्द केलं असशील तर दुसरं काढ. गेल्या वेळी तू निघालीस तेव्हा लवकर परत यावंस म्हणून बसच्या मागे पाणी टाकायचं राहिलं, म्हणून कदाचित तुला इतका वेळ लागतो आहे. मी इतकी वर्षं पाणी तपासतो आहे, असलं काही त्यात सापडलेलं नाही. तरी या वेळी बादली भरून ठेवली आहे.

पाहुण्यांचे बूट आपण टोकं बाहेर करून ठेवतो, निघताना सोपं जावं म्हणून. आई नेहमी करायची. तुझे मी वळवणार नाही.

बाबा